डोहाळ्यांची पाखरं

ही गोष्ट लिहिणाऱ्याची शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल, शब्दही साधेच आहेत. लहानथोरांनी सांभाळून घ्यावे.

फार फार वर्षांपूर्वी एका गावात एक चितारी आणि त्याची बायको राहत होती. त्यांची एकुलती लेक दूरच्या उजाड माळावरच्या गावी दिली होती. एके दिवशी त्या गावाहून बांगड्या विकणारा कासार आला.

"काका, लेकीला दिवस गेलेत," तो म्हणाला. "पण अन्नावरची वासनाच उडालीय तिची. सासूबाई चिंच देतात, बोरं देतात, ती ताट सरकवते. म्हणते, माहेरच्या परसातली पाखरं बघावीशी वाटतात."

आईने पदराने डोळे पुसले. "तिला इतक्या लांब आणता यायची नाही. आणि पाखरांचे डोहाळे पुरवायचे तरी कसे?"

"मी पुरवतो," चितारी म्हणाला. "कासारदादा, बाजार उरकला की चित्र घेऊनच जा."

माणूस टक लावून बसला की पाखरे येत नाहीत. म्हणून त्याने परसात तुराट्यांची खोपी बांधली आणि बघायला एक फट ठेवली. मग त्याच्या मनात आले, चित्र लेकीच्या सासरी जाणार, विहीणबाई बघणार. आणि परसात काय? खरकट्या पाण्याचे डबके, उखळाभोवती सांडलेल्या कण्या, राखेचा ढीग, वेडेवाकडे कुंपण. लाजच वाटायची!

त्याने केरसुणी घेतली. डबके बुजवले, कण्या आणि राख लोटून दिली, कुंपणाची कोरांटी छाटली. वर रांगोळीही घातली आणि बायकोला परसात भांडी-कांडण करायला मनाई केली.

"अहो, पाहुणे यायच्या आधीच ताटं उचललीत की!" बायको म्हणाली.

"तुला चित्रातलं काय कळतं?" म्हणत तो खोपीत शिरला.

ऊन डोक्यावर आले, कलले. एक पाखरू फिरकले नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिकडे कासार गाठोडी बांधू लागला.

इतक्यात घराच्या पाख्यावर एक लंगडी साळुंकी बसली. शेजारच्या बुलबुलाला म्हणाली, "या घरची माणसं गाव सोडून गेली वाटतं."

"गेलीच असणार," बुलबुल म्हणाला. "उखळाखाली कणी नाही, चोच बुडवायला पाणी नाही. माणसं राहतात ते घर असं असतं का?"

"चला रे!" सातभाईंनी गिल्ला केला. "इथं काय आता रांगोळी खायची?"

खोपीत चिताऱ्याने जीभ चावली. बाहेर येऊन बायकोला म्हणाला, "अगं, तू नेहमीसारखी भांडी घास. तांदूळही कांड, जरा सैल हाताने."

"कळलं ना आता? चित्र विहीणबाईंसाठी की आपल्या पोरीसाठी?"

त्याने छाटलेली कोरांटी तेवढी पुन्हा कुंपणाला टेकवून ठेवली.

बायको भांडी घासू लागली. पाणी वाहिले, तशा चिमण्या अंघोळीला उतरल्या. दयाळ शेपटी उभारून आला. सातभाई कण्यांवरून भांडू लागले. लंगडी साळुंकी तर बायकोच्या पदराशी येऊन बसली. चितारी फटीतून बघत होता आणि दिसेल ते काढत होता. डबके, राख, बायकोची वाकलेली पाठ, लुगड्याचे ठिगळसुद्धा.

"अगंबाई, मला कशाला काढलंत या अवतारात?"

"तुझ्यावाचून पाखरं परसात येत नाहीत. चित्रात कशी येतील?"

कासार चित्र घेऊन गेला. लेकीने ते उलगडले आणि हसता हसता रडू लागली. "सासूबाई, ही बघा आमची लंगडी! आणि ही आई!" मग डोळे पुसून म्हणाली, "भाकरी आहे का हो थोडी?"

सासूने तिला पोटभर वाढले. चित्राकडे बराच वेळ बघितले. मग उठून आपल्या परसात वाडगाभर पाणी ठेवले, मूठभर कण्या टाकल्या. "पाखरं काय, आमच्याही गावाला असतील," ती म्हणाली.

पुढच्या फेरीला कासाराने हे सारे चिताऱ्याला आणि त्याच्या बायकोला सांगितले.

लोकलाजेपायी झाडून काढलेले घर घरच्यांनाच ओळखू येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चितारी खोपीत गेला नाही. उखळापाशी भाकरी घेऊन बसला, आणि पहिला घास त्याने लेकीच्या नावाने लंगड्या साळुंकीपुढे टाकला.