बारवेचं कुंपण

फार मागं माळावरच्या एका बारवेत चंद्री नावाची म्हातारी कासवीण राहायची. एकदा कोल्ह्यानं बारवेच्या वरच्या पायरीवर काट्यांचं कुंपण घातलं.

"हा पूर्वजांचा ठेवा आहे. लांबूनच बघायचा," तो सगळ्यांना सांगू लागला.

पाणी हलेना, त्यावर शेवाळ साचलं. भर उन्हात तहानलेली हरिणी पाडसाला घेऊन आली, तिलाही त्यानं हाकललं. ते पाहून चंद्रीचं डोकं फिरलं. चाळीस पायऱ्या चढून ती तोंडानं काटे ओढू लागली.

"आजी, पायऱ्या झिजतील," कोल्हा म्हणाला.

"झिजल्यात त्या तुझ्याच पणजीच्या पावलांनी. तिला इथं कुणी अडवलं असतं, तर तू जन्मालाच आला नसतास."

कोल्ह्यानं मान खाली घातली. रक्ताळलेल्या तोंडानंच चंद्रीनं हरिणीला हाक मारली.