ठकीची दुपारची झोप

तांबुळवाडीत रावजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. बायको सगुणा आणि सहा महिन्यांची ठकी, एवढाच संसार. ठकी दुपारी झोपायची नाही, मग रात्रभर किरकिर करायची. सगुणाला खुरपताना डुलक्या यायच्या.

एके दिवशी ठकीला झोळीत घालून ती म्हणाली, "मी रानात जाते. हिला झोपवा. आणि सांभाळा हं, हिची झोप पटकन उडते."

उडते म्हणजे बाहेर जाणार. रावजीनं दार लावलं, खिडकी लावली, फटींत चिंध्या कोंबल्या. चूल धुमसत होती. घरभर धूर झाला. ठकी खोकत उठली आणि तिनं रडून गल्ली गोळा केली.

रानातून आल्यावर सगुणा म्हणाली, "अहो, असं सगळं बंद करतात का? उघडं ठेवायचं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी त्यानं दार उघडं ठेवलं, खिडकी उघडी ठेवली, दुधाच्या पातेल्यावरचं झाकणही काढलं. मांजर आलं, दूध प्यालं, पातेलं पाडून गेलं. ठकी दचकून उठली.

"अहो, पाय न वाजवता कोणी आत शिरलं, की काठी आपटून हाकलायचं!"

"बरं."

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गजराकाकू ठकीला बघायला आल्या. पोर झोपलं असेल म्हणून चवड्यांवर चालत आल्या. रावजीनं धाडकन काठी आपटली. काकू किंचाळल्या. ठकी त्यांच्याहून मोठ्यानं किंचाळली.

सगुणानं कपाळाला हात लावला. "माणूस आलं तर हळू आवाजात 'या, बसा' म्हणावं. काय हवं-नको ते विचारावं."

"बरं."

चौथ्या दिवशी चोर आला. रावजी हळूच म्हणाला, "या, बसा. काय हवंय?"

चोर गांगरला. "भांडी."

"घ्या. पण वाजवू नका, पोर झोपलंय."

चोरानं एकेक भांडं फडक्यात गुंडाळून नेलं. संध्याकाळी सगुणा आली, तर फळी रिकामी आणि ठकी गाढ झोपलेली.

"बघ, दुपारभर झोपली!" रावजी खुशीत म्हणाला. "पाहुणा फार समजूतदार होता. तांब्याचा हंडा जड म्हणून राहिला. तो उद्या नेणार आहे."

सगुणानं पदर खोचला. "उद्या येणार आहे? मग धरूच त्याला! आणि तुम्ही हो, यापुढे घरात कोण कोण आलंय, ते आल्याबरोबर सांगत जा!"

"बरं."

पाचव्या दिवशी सगुणानं गावातल्या तगड्या गड्यांना कणगीमागे लपवलं आणि स्वतः काठी घेऊन दाराआड उभी राहिली. ठकी झोळीत झोपली.

चोर आला. त्यानं उंबऱ्यावर पाय ठेवला.

रावजी लगबगीनं पुढे झाला. ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "हळू या हं. झोळीत ठकी आहे, दाराआड आमची मंडळी आहे, आणि कणगीमागे तुम्हाला धरायला आलेले गडी आहेत. पाय वाजवू नका, नाहीतर सगळेच उठतील!"