उलटी जोडलेली तार

माळावर वसलेल्या एका गावात धोंडीराम नावाचा सुतार राहत होता. बायको वारलेली, मुलगी दूर सासरी. दारं-खिडक्यांच्या कामातून हात मोकळे झाले की तो हलक्या लाकडाची विमानं करी. दोन हात लांब पंखांची, खरोखर उडणारी. रेडिओ दुरुस्त करणारा अमीनभाई त्याचा जुना मित्र. धोंडीरामने विमान घडवावं आणि अमीनभाईने त्यात जीव घालावा, असं बारा वर्षं चाललं होतं.

जीव म्हणजे काडेपेटीएवढं एक यंत्र. त्याला सर्वो म्हणतात. तो पंखात बसवायचा. त्याला एक इवलासा हात असतो. त्या हातापासून निघालेली पोलादी तार पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीला जोडायची. खाली उभ्या माणसाने रिमोटची कांडी सरकवली की सर्वो तार ओढतो, पट्टी हलते आणि विमान वळतं.

एकदा तालुक्याच्या मेळाव्यात त्यांच्या विमानाचं फार कौतुक झालं. धोंडीरामला मंचावर बोलावून हार घातला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. तो लाकडाबद्दल बोलला, रंगाबद्दल बोलला. अमीनभाईचं नाव मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही. अमीनभाई मागच्या रांगेत बसला होता. तो भांडला नाही. दुसऱ्या दिवसापासून यायचा तेवढा बंद झाला.

चूक आपली आहे हे धोंडीरामला कळत होतं. पण अमीनभाईच्या दारात जाऊन ते बोलायचं म्हटलं की पाय निघत नसे. मग तो स्वतःची समजूत घाली, की विमान उडतं ते पंखांवर, तारांवर नव्हे.

त्याने एकट्यानेच नवं विमान करायला घेतलं. पूर्वी चहा आला की अर्धा कपात आणि अर्धा बशीत, असा वाटला जाई. आता सगळा चहा त्याचाच होता आणि तो तसाच निवून जाई. दिवसदिवस कोणाशी बोलणं होत नसे. पंखाला खाच पाडून त्याने सर्वो बसवला. पहिल्या खेपेला स्क्रू इतका आवळला की सर्वोचा स्क्रू बसायचा कानच तुटला. दुसऱ्या खेपेला तार लांब झाली. मग तो जपून करू लागला. आधी कांडी मध्यावर ठेवून सर्वोही मध्यावर आणायचा, मग त्याचा हात चढवायचा, तार कुठे घासता कामा नये, हे सगळं अमीनभाईला करताना पाहिलेलं त्याला एकेक आठवत गेलं. पाच महिन्यांनी काम पुरं झालं. विमान डावीकडे वळायचं तर त्याच्या डाव्या पंखाची पट्टी वर जावी लागते. विमानाचं नाक आपल्याकडे करून तो समोर बसला आणि कांडी डावीकडे सरकवली. त्याच्या डाव्या हाताकडची पट्टी वर उचलली गेली. त्याला वाटलं, जमलं. पण समोर बसणाऱ्याचा डावा तो विमानाचा उजवा, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आणि सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

रविवारी सकाळी तो विमान घेऊन माळावर गेला. कडेच्या दगडावर अमीनभाई बसलेला होता. तोही एकटाच. धोंडीरामने त्याला पाहिलं आणि पाठ फिरवली. उडवण्याआधी त्याने कांडी डावी-उजवी करून पाहिली, तेव्हा अमीनभाई दगडावरून अर्धवट उठला. धोंडीरामला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. त्याला वाटलं, हा निघाला घरी. अमीनभाई क्षणभर तसाच राहिला आणि परत खाली बसला.

विमान झकास वर चढलं. तेवढ्यात वाऱ्याने त्याचा डावा पंख खाली दाबला. धोंडीरामने कांडी उजवीकडे नेली, तर विमान आणखी डावीकडे कललं. त्याने कांडी पुरी उजवीकडे दाबली. विमान पालथं झालं आणि खाली आलं. माळावर एक बाई शेरडं चारत होती. तिच्यापासून दहा पावलांवर ते आदळलं. शेरडं चौफेर उधळली. बाई छातीला हात लावून मटकन खाली बसली.

धोंडीराम धावत गेला. बाईला काही लागलं नव्हतं. त्याने तिची हात जोडून माफी मागितली. मग तो मोडलेल्या विमानापाशी येऊन बसला. तोवर अमीनभाई येऊन पोचला होता. त्याने फुटलेला पंख उचलला, तारेवरून बोट फिरवलं.

"तार चांगली बसवलीस," तो म्हणाला. "पण बाजू उलटी झाली. मला तिथून दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

अमीनभाई पंखाकडे बघत राहिला. "रागात होतो. आता त्या बाईकडे बघवत नाही."

धोंडीरामची मान खाली गेली. "मीही तुला बघितलं होतं," तो म्हणाला. "हाक मारली असती तर आला असतास. पण हाक मारायची म्हणजे मंचावर न घेतलेलं नाव आधी घ्यावं लागलं असतं. चुकलो मी, अमीन."

अमीनभाईने पंख खाली ठेवला. दोघं मिळून उधळलेली शेरडं गोळा करायला गेले.

तात्पर्य: जो शब्द वेळेवर बोलायची लाज वाटते, तो उशिरा का होईना बोलावाच लागतो, पण तोवर मोडायचं ते मोडून गेलेलं असतं.