जहाल टोपीचा पहिला बार

काडतुसं बोलत असत त्या काळी कासम मिस्त्रींच्या डबीत काडतुसातली दारू पेटवणाऱ्या दोन इवल्याशा पितळी टोप्या होत्या. दिसायला सारख्याच, पण एक साधी, दुसरी जहाल. जहाल टोपी भरपूर दारूच्या मोठ्या काडतुसासाठी राखलेली. पण तिला धीर कुठला! "तुझ्यानं काय होणार, गं?" म्हणत साधीला ढकलून तीच पिस्तुलाच्या चिमुकल्या काडतुसात जाऊन बसली.

मिस्त्रींनी मडक्यावर नेम धरला. धडाम! पिस्तूल उसळलं, मिस्त्री चिखलात बसले, मडकं जागच्या जागी.

मग साधीची पाळी आली. बेताचा बार झाला आणि मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

वापरलेल्या टोप्यांच्या वाटीत दोघी भेटल्या. "ताई, आवाज मात्र तुमचाच मोठा हं," साधी म्हणाली.

पिचकलेलं तोंड चाचपत जहाल टोपी म्हणाली, "तर! एक मडकं सोडलं, तर सगळे हादरले."