मेजर टीगनं नाकारलेला घोट

कोर्टाच्या अंगणातली ही लोखंडी झाकणाची विहीर पाहिली की पाहुणे हमखास विचारतात, "कॅन्ससच्या एवढ्या उजाड माळावर, गावापासून लांब, कोर्ट कशाला?" मी डेला रॅस्मुसेन. इमारतीच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, म्हणून ही हकिकत सांगायचं कामही माझ्याचकडे आलं. घाण हकिकत आहे. जेवून आला असाल तर आधीच सांगून ठेवते.

काउंटी म्हणजे तुमच्याकडचा तालुका समजा. ही स्थापन झाली तेव्हा इथं दोनच वस्त्या होत्या. ओढ्याकाठी मेजर एमॉस टीगची, आणि इथं माळावर स्वीडनहून आलेल्या शेतकऱ्यांची. ओढ्याचं पाणी खारट. गोडं पाणी फक्त या विहिरीला, आणि ती हुल्डा लिंडक्विस्ट नावाच्या विधवेनं स्वतः खणली, असं सांगतात. काउंटीचं मुख्य ठाणं कुठं व्हायचं ते मतदानानं ठरणार होतं. पाणी तिथं माणसं, हे मेजर ओळखून होता.

त्या उन्हाळ्यात त्याच्या डुकरांत रोगाची साथ आली होती. मेलेली डुकरं त्यानं पुरली नाहीत. माळावरच्या वस्तीतले लोक प्रार्थनेला गेलेले पाहून त्याच्या माणसांनी ती फुगलेली, हिरवी पडलेली धुडं दगड बांधून या विहिरीत लोटली, म्हणे. पाण्याला आधी नुसता वास येऊ लागला. उन्हाळ्यानं येत असेल, असं म्हणून लोक तेच पीत राहिले. मग घरोघरी हगवण लागली. मतदानाच्या दिवशी वस्तीतले निम्मे पुरुष अंथरुणात होते, आणि हुल्डाची लेक सिग्ने मातीखाली. मेजर जिंकला: ठाणं आणि कोर्ट ओढ्याकाठी गेलं, आणि काउंटीचा कारभारी म्हणून तोच निवडून आला.

हुल्डानं गळ टाकून विहीर साफ करायला घेतली. वर आलेलं मांस हातात सुटून येत होतं. पण एका कानावरच्या दोन खाचा शाबूत होत्या. त्या काळी मालक आपापल्या जनावरांच्या कानांना खूण कापत. दोन खाचा म्हणजे मेजरचं जनावर.

शपथविधीच्या दुपारी मेजरच्या घरी मेजवानी होती. न्यायाधीश, पाद्री, सगळे टेबलाशी बसलेले. हुल्डा विहिरीच्या पाण्याचा जग घेऊन आत आली आणि तिनं मेजरचा ग्लास भरला.

"मेजर, काउंटीच्या नावानं घ्या एक घोट."

"हे काय आणलंस?"

"माझ्या सिग्नेला पाजलंत तेच."

मेजरनं ग्लास दूर सारला. हुल्डानं तो कान टेबलावर ठेवला. खूण सगळ्यांनी ओळखली. आणि केलं काय? पाद्रीबुवांनी मान खाली घातली. कोणीतरी खिडकी उघडली. न्यायाधीशांनी नाकाला रुमाल लावला आणि तसाच धरून मेजरला शपथ दिली. मला त्या डुकरांपेक्षा त्या रुमालाची किळस येते.

हुल्डा जाताना दारातून म्हणाली, "आमचं पाणी ज्याला चालत नाही, त्याला कुठलंच पाणी गोड न लागो."

तेव्हापासून मेजरला प्रत्येक पाण्याला सडक्या मांसाचा वास येई, म्हणे. लांबच्या झऱ्याचं आणलं, उकळून पाहिलं, तरी तोंडाशी नेलं की ओकारी. नुसत्या व्हिस्कीवर तो वाळत गेला, आणि ओढ्याला पूर आलेला असताना तहानेनं मेला.

मग लोकांना लाज वाटली की भीती, मला ठाऊक नाही. त्यांनी विहीर तळापर्यंत उपसली, चुना टाकून पुन्हा पुन्हा धुतली आणि कोर्टाची लाकडी इमारत ओंडक्यांवर चढवून बैलांकरवी ओढत हिच्याशेजारी आणली. नाव मात्र टीग काउंटीच राहिलं. आम्ही ते थुंकल्यासारखं उच्चारतो.

आजही इथं निवडून आलेल्याला शपथेआधी या विहिरीच्या पाण्याचा अख्खा ग्लास प्यावा लागतो, आणि तो एखाद्या बाईनंच भरायचा असतो. मागच्या खेपेला एका नव्या कारभाऱ्यानं नुसते ओठ टेकवले, हसला आणि ग्लास खाली ठेवला. सभागृहातल्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या.

त्यानं ग्लास पुन्हा उचलला.