ढग पिळणारी भागूआय

किती वर्षं झाली ते मला विचारू नका, मोजणारे केव्हाच गेले. तेव्हा सह्याद्रीच्या माथ्यावर, खिंडीच्या अलीकडे, कोरडवाडी नावाचा धनगरवाडा होता. पलीकडे कोकण. समुद्राचा वारा कडा चढता चढता जवळचं सगळं पाणी तिकडेच सांडायचा, त्यामुळे तिथे दगडालासुद्धा शेवाळ. आणि खिंड ओलांडून वाडीत उतरायचा तो हात हलवत! डोंगर एकच, पण त्याची एक कूस हिरवीगार आणि दुसरीवर नुसतं पिवळं गवत.

या वाडीत भागूआय झोरे राहायची. शेळ्यामेंढ्या राखायची, घोंगडी विणायची आणि मनात येईल ते तोंडावर बोलायची. एका वैशाखात वाडीचा झरा आटला, असं म्हणतात. वाडीचा मुख्य म्हाळू गावडा. त्याने ठरवलं, बिऱ्हाडं उचलून सगळ्यांनी कोकणात उतरायचं. भागूआय मात्र पेचात पडली. तिच्या सुनेला, साऊला, नववा महिना लागला होता. भलेभले दोर धरून उतरायचे असला तो कडा, पोटुशी बाई उतरणार कशी? आणि दोघीच मागे राहिल्या तर पिणार काय?

त्याच सकाळी ती चुकलेलं करडू शोधत खिंडीत गेली. आदल्या दिवशी करवंदीच्या जाळीवर तिचं घोंगडं राहिलं होतं. उचलायला गेली तर उचलेना, इतकं ओलं! पाऊस तर टिपूसभर नव्हता. पण समुद्राकडून धुकं वर चढत होतं, खिंडीत घुसत होतं आणि लोकरीवर थेंब धरत होते. भागूआयने घोंगडं पिळलं, तर तिची ओंजळ भरली. करडू कुठूनसं आलं आणि सगळं पाणी पिऊन मोकळं झालं.

ती धावत वाडीत आली. तिचं ऐकून माणसं हसली. म्हाळू म्हणाला, "आये, पाऊस पडत असतो. तो कोणी पिळतं का?"

"हसायचं तेवढं हसा," भागूआय म्हणाली, "पण घरटी एक घोंगडं द्या, आणि साऊ मोकळी होईपर्यंत थांबा. मग मीच पुढे चालते."

लाजेकाजेस्तव लोकांनी घोंगडी दिली. चाळीस घोंगडी खिंडीत टांगली. पहिल्या दिवशी हंडा भरला, तिसऱ्या दिवशी दगडी टाकं. सातव्या दिवशी तर एक अख्खा ढगच घोंगड्यात अडकला, असं म्हणतात. तो कोकणात पळायला बघतोय आणि भागूआय टोक धरून अलीकडे ओढतेय! खालची कोकणातली माणसं ओरडायला लागली की आमचा ढग चालला. तिने वरूनच सुनावलं, तुमच्याकडे ढीगभर आहेत, एकाने काय बिघडतं? शेवटी ढग अलीकडे आला आणि वाडीवर धो धो कोसळला. त्याच घटकेला साऊला मुलगी झाली. म्हाळूने स्वतः हंडा भरून आणला, भागूआयने नातीला आंघोळ घातली, आणि बांधलेली बिऱ्हाडं लोकांनी सोडून पुन्हा मांडली.

पुढे म्हातारपणी ती एकदा धुक्यात शिरली ती परत आलीच नाही, असं म्हणतात.

अजूनही वैशाखात वाडीतली माणसं घरटी एक घोंगडं खिंडीत टांगतात आणि पिळलेलं पाणी जपून ठेवतात. वाडीच्या प्रत्येक बाळाची पहिली आंघोळ त्याच पाण्याने. आता लेकीसुना शहरातल्या दवाखान्यात बाळंत होतात, म्हणून बाटली एसटीच्या ड्रायव्हरकडे देतात. तिथली नर्स विचारते, हे कसलं पाणी? आज्या सांगतात, "ढगाचं आहे, बाई. आमच्या भागूआयनं पिळलेलं."