ठिपकीने आणलं खुराडं

एक होती ठिपकी. कोंबडीचं पिल्लू. मुठीत मावेल एवढी. अंग पिवळं पिवळं, डोक्यावर एकच तपकिरी ठिपका. चालायची कशी? तुरतुर तुरतुर!

ठिपकी आणि तिची आई राहायच्या येसूमावशीकडे. चारच दिवस झाले होते येऊन. मावशीने आधी कधी कोंबडी पाळली नव्हती. रोज संध्याकाळी ती दोघींवर डालगं पालथं घालायची. डालगं म्हणजे बांबूची मोठ्ठी टोपली. आत ऊब. आत अंधार. आत गाईगाई.

एका दुपारी वारा आला. फूऽऽ! डालगं लोळलं. गडगड गडगड, उतारावरून खाली. डुबुक, ओढ्यात! आणि डुलत डुलत गेलं की हो दूर!

"अगो बाय!" आई म्हणाली. "आता कुठे निजायचं? तिन्हीसांज झाली की आपल्याला दिसत नाही. आणि रानमांजर तेव्हाच येतं."

ठिपकी घाबरली. पण ती म्हणाली, "आई, तू बस. मी खुराडं आणते."

ऐकलंत? एवढीशी ठिपकी, आणि म्हणे खुराडं आणते!

ठिपकी निघाली. तुरतुर तुरतुर. मावशी ओटीवर बसून पेंगत होती.

"मावशी, मावशी, खुराडं बांध. खुराड्यात आई निजेल. आईपाशी मी निजेन."

मावशीने एक डोळा उघडला. "मी? मी कधी बांधलं नाही गो. पण बांधून बघते. काठ्या कुठायत? बांबूने काठ्या दिल्या, तर बांधीन."

ठिपकी निघाली. तुरतुर तुरतुर. ऊन पिवळं झालं होतं. बांबू उभ्या उभ्या पेंगत होता.

"बांबूदादा, बांबूदादा, काठ्या दे. मावशी खुराडं बांधेल. खुराड्यात आई निजेल. आईपाशी मी निजेन."

"शूऽऽ!" बांबू म्हणाला. "हळू बोल. माझ्या गळ्यात वेल निजलीय. मी हललो की ती उठेल. वेलीने मला सोडलं, तर देईन."

ठिपकीने मान वर केली. वेल बांबूला घट्ट बिलगली होती.

"वेलीताई, वेलीताई, बांबूदादाला सोड. बांबूदादा काठ्या देईल. मावशी खुराडं बांधेल. खुराड्यात आई निजेल. आईपाशी मी निजेन."

वेलीने जांभई दिली. आऽऽ! "सोडीन गं. पण मग मी कुणाला धरू? काही धरल्याशिवाय मला झोपच येत नाही. माडाने झावळी दिली, तर सोडीन."

खरंच आहे. तुम्ही नाही का आईचा पदर धरत?

ठिपकी निघाली. तुरतुर तुरतुर. ऊन केशरी झालं होतं. माड उंच उंच. त्याचं डोकं थेट ढगात.

"माडआजोबा, माडआजोबा, झावळी द्या. वेलीताई बांबूदादाला सोडेल. बांबूदादा काठ्या देईल. मावशी खुराडं बांधेल. खुराड्यात आई निजेल. आईपाशी मी निजेन."

"काय? कोण?" माड वरून म्हणाला. "झावळी होय? सुकलीय बघ एक. पण मला हात कुठायत टाकायला? वाऱ्याने हलवलं, तर देईन."

ठिपकी निघाली. तुरतुर तुरतुर. ऊन लाल झालं होतं. वारा कुठे होता माहितेय? गवतात लोळून घोरत होता. घुर्रर्र, फूस्. घुर्रर्र, फूस्.

"वारोबा, वारोबा, माडआजोबांना हलव. माडआजोबा झावळी देतील. वेलीताई बांबूदादाला सोडेल. बांबूदादा काठ्या देईल. मावशी खुराडं बांधेल. खुराड्यात आई निजेल. आईपाशी मी निजेन."

"नको गं," वारा म्हणाला. "दमलो मी. ते डालगं ढकललं ना! केवढं जड होतं!"

ठिपकी रागाने फुगली. एवढीशी होती, मोसंबीएवढी झाली.

"म्हणजे तूच ढकललंस! ते आमचं घर होतं! लाज नाही वाटत?"

"वाटते," वारा म्हणाला. "थोडीशी. पण अंगात जोरच नाही. एक पीस दे ना मऊ मऊ. ते उडवत उडवत उठतो."

ठिपकीकडे पिसं ती असून असून किती! तरी तिने मान वळवली. पाठीवरचं एक मऊ पीस धरलं. टुच्च! "आई गं!" दुखलं तिला. डोळ्यांत पाणी आलं. पण दिलं हं पीस.

पीस उडालं. तरंगत तरंगत वर गेलं. त्याच्यामागे वारा उठला.

वाऱ्याने माडाला हलवलं. फूऽऽ!
माडाने झावळी दिली. धप्प!
वेलीने बांबूला सोडलं. सर्र सर्र!
बांबूने काठ्या दिल्या. कट कट कट!
आणि मावशी पदर खोचून उठली.

मावशीने सगळं ओढत अंगणात आणलं आणि मधोमध बसली. इकडे काठी खोच. तिकडे काठी खोच. पुढे खोच, मागे खोच. वर झावळी घातली. वेल झावळीला धरूनच आली. तिने सगळ्या काठ्यांनाही मिठी मारली. ना सुतळी, ना खिळा. झालं खुराडं!

"झालं गो!" मावशी ओरडली. "किती सोप्पं होतं!"

"मावशी, तू कुठेस?"

"मी आत!"

"आणि आम्ही?"

"तुम्ही... तुम्ही बाहेर! अगो बाय माझे! दारच विसरले!"

बघा! मावशी आत, कोंबड्या बाहेर! हसू नका. पहिलं होतं ना तिचं?

इकडे सूर्य नखाएवढा उरला. तोही बुडाला. गुडुप!

"ठिपके," आई म्हणाली, "मला काही दिसेना गं."

झाडीत दोन डोळे लुकलुकले. रानमांजर!

ठिपकी काठ्यांच्या फटीतून आत शिरली. सुळ्ळकन! "मावशी, एक काठी काढ! वेलीताई, जरा सैल हो!"

वेल सैल झाली. मावशीने एक काठी काढली, दुसरी काढली. मग ती रांगत बाहेर आली. आधी पाय, मग डोकं.

पण आईला दार दिसेना. ती इकडे वळे, तिकडे वळे. ठिपकीलाही काही दिसत नव्हतं. पण आवाज होता ना तिच्याकडे!

"चिव चिव! आई, इकडे!"

आईने एक पाऊल टाकलं.

"चिव चिव! आई, इकडे!"

आईने दुसरं पाऊल टाकलं. रोज आई हाक मारायची, मग ठिपकी यायची. आज ठिपकी हाक मारत होती आणि आई येत होती. एक पाऊल, एक पाऊल, एक पाऊल... आली आत!

मावशीने काठ्या खोचल्या. खट्, खट्! वेलीने घट्ट धरल्या.

रानमांजर आलं. हुंग हुंग हुंग. पंजा घालून बघितला. जाईना आत. बसलं थोडा वेळ, आणि गेलं निघून.

"उद्या नवीन डालगं आणते," मावशी म्हणाली. "आजच्यापुरतं हे बरंय, नाही?"

आईने पंख उचलला. ठिपकी खाली शिरली. ऊब, ऊब, ऊब.

"ठिपके," आई म्हणाली, "तू होतीस म्हणून मी आत आले हो, बाय."

ठिपकी तर केव्हाच निजली होती.

कोंबडी गेली खुराड्यात, पिल्लू गेलं पंखाखाली, आणि तुम्ही चला पांघरुणात. आऽऽ!